नाकाचे माप आणि जातीचा उगम : इरावती कर्वे यांच्या मानवमितीय मांडणीची चिकित्सा

प्रास्ताविक

माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची जात, प्रांत किंवा कूळ ओळखण्याची सवय मराठी समाजात फार जुनी आहे. घारे डोळे, गोरा वर्ण, सरळ नाक, बसके नाक, कुरळे केस, ठेंगणा बांधा अशा लक्षणांची सांगड विशिष्ट समाजाशी घातली जाते आणि तिला 'रक्त' हा शब्द जोडून ती निसर्गसिद्ध ठरवली जाते. ही सवय केवळ घरगुती गप्पांपुरती असती तर अभ्यासकांनी तिची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला मोजमापाचा आणि आकडेवारीचा आधार मिळाला व तिने शास्त्राचे रूप धारण केले. भारतीय लोकसंख्येच्या वांशिक घटकांविषयीची जुनी वर्गीकरणे महाविद्यालयीन टिपणांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांतून अजूनही पाठांतराचा मजकूर म्हणून आढळतात. म्हणूनच या मोजमापांमधून नेमके काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, हा प्रश्न अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राच्या संदर्भात करावयाचा झाल्यास डॉ. इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्या कार्याकडे वळणे अपरिहार्य आहे. 'युगान्त'च्या लेखिका आणि ललित निबंधकार म्हणून त्या मराठी वाचकांना परिचित आहेत. पण त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग शरीरमापनाशी निगडित होता. प्रस्तुत लेखात त्यांच्या मानवमितीय मांडणीचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. कर्वे यांनी 'मोजायचे कोणाला' या प्रश्नाचे दिलेले उत्तर आजही टिकून आहे. मात्र मोजलेल्या फरकावरून त्यांनी काढलेला उगमविषयक निष्कर्ष टिकत नाही, हे या विवेचनाचे प्रमुख सूत्र आहे.

नासिकानिर्देशांकाची परंपरा

भारतातील मानवमितीची सुरुवात वसाहतकालीन प्रशासनाच्या छत्राखाली झाली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी व उंची यांच्या शेकडा प्रमाणाला, म्हणजेच नासिकानिर्देशांकाला, विलक्षण महत्त्व दिले. हा निर्देशांक ७० पेक्षा कमी असल्यास नाक अरुंद, ७० ते ८५ असल्यास मध्यम आणि ८५ पेक्षा अधिक असल्यास रुंद मानले जाई. सामाजिक दर्जा जसजसा वाढतो तसतशी नाकाची सरासरी रुंदी कमी होत जाते, असा नियमच रिस्ले यांनी मांडला. त्यांच्या सात प्रकारांच्या वर्गीकरणात महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी 'शक-द्रविड' प्रकारात बसवण्यात आले. येथे एक विसंगती सहज लक्षात येते. एका बाजूने जातिभेदाचे मूळ वंशभेदात आहे असे म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी यांना एकाच वांशिक प्रकारात घालायचे, ही दोन विधाने परस्परांना छेद देणारी होती.

या सिद्धान्ताला भारतीय अभ्यासकांनी लवकरच आव्हान दिले. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जात व वंशविषयक ग्रंथात रिस्ले यांचेच आकडे पुन्हा तपासले आणि उत्तर हिंदुस्थानातील एका प्रदेशाबाहेर जातीचा दर्जा व शारीरिक लक्षणे यांची सांगड लागत नाही, असे दाखवून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ च्या निबंधात जातीचे मूळ अंतर्विवाहात शोधले आणि १९४८ च्या अस्पृश्यतेविषयीच्या ग्रंथात नासिकानिर्देशांकाच्या कोष्टकांचाच उपयोग करून ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे आहेत हे मत खोडून काढले. आंबेडकरांचा युक्तिवाद बारकाईने वाचल्यास असे दिसते की, त्यांनी अस्पृश्यतेचा उगम नाकाच्या मापात शोधलेला नाही. प्रतिपक्षाचे साधन प्रतिपक्षाच्याच निष्कर्षाविरुद्ध जाते, एवढेच त्यांनी दाखवले; अस्पृश्यतेचे कारण मात्र त्यांनी सामाजिक व धार्मिक इतिहासात शोधले. साधन आणि निष्कर्ष यांतील हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

बर्लिन ते पुणे

इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. त्या वेळी त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला होता. पुढे त्या जर्मनीला गेल्या आणि बर्लिन येथील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटसाठी संशोधन केले. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचारसरणीचे प्रमुख शास्त्रीय पुरस्कर्ते होते. आफ्रिकेतील रेहोबोथ येथील मिश्रसंततीवरील त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला होता आणि १९३३ मध्ये, नाझी राजवटीच्या आरंभी, ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कर्वे यांच्या प्रबंधाचा विषय मानवी कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंमधील असमानता हा होता. या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. मात्र कवट्यांच्या मोजमापातून तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष कर्वे यांनी नोंदवला. पंचविशीच्या आतबाहेरील, वसाहतीतून आलेल्या विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाच्या गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष मांडावा, ही गोष्ट बौद्धिक प्रामाणिकपणाची निदर्शक आहे.

तथापि, येथे एक फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. कर्वे यांनी गृहीतक नाकारले. पद्धती मात्र नाकारली नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक समाजांची शरीरमापने घेतली. संख्याशास्त्राचे व अर्थशास्त्राचे अभ्यासक वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील मानवमितीवरील त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराच्या मोजमापातून समाजाचा इतिहास वाचता येतो, हा बर्लिनमध्ये आत्मसात केलेला विश्वास त्यांच्या कामात अखेरपर्यंत राहिला. ऊर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेल्या 'इरू' या २०२४ मधील चरित्रामुळे बर्लिनच्या या वारशाची चर्चा नव्याने सुरू झाली आहे. ही चर्चा निव्वळ गौरव किंवा निव्वळ दोषारोप यांपैकी कोणत्याही टोकाला जाऊ नये, यासाठी त्यांच्या मांडणीचे घटक वेगवेगळे तपासणे इष्ट आहे.

मोजमापाचे एकक : वर्ण नव्हे, जात

कर्वे यांचे सर्वांत मूलगामी योगदान मोजमापाच्या एककासंबंधी आहे. रिस्लेपासूनच्या अभ्यासकांनी 'ब्राह्मण', 'मराठा', 'कुंभार' असे व्यापक गट घेऊन त्यांच्या सरासऱ्या काढल्या होत्या. कर्वे यांनी असे दाखवून दिले की, हे गट प्रत्यक्षात विवाहसंबंध ठेवणारे एकजिनसी गट नाहीत. ते अनेक अंतर्विवाही जातींचे समूह आहेत. ज्यांच्यात पिढ्यान्पिढ्या मुली देणे-घेणे होते, तोच खरा जैविक गट. म्हणून मोजमापही त्याच पातळीवर झाले पाहिजे. वर्ण किंवा व्यवसायनाम हे वर्गीकरणाचे सोयीचे खोके असले तरी ते जैविक एकक नव्हे.

महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मोठे चाक वापरणारे थोरचाके आणि लहान चाक वापरणारे लहानचाके यांचा व्यवसाय एकच, बाहेरच्यांनी दिलेले नावही एकच; पण परंपरेने त्यांच्यात सोयरीक होत नसे. १९६१ च्या 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या ग्रंथात कर्वे यांनी अशा समूहांच्या आधारे एक व्यापक सिद्धान्त मांडला. मूळच्या एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती निर्माण झाल्या, हे तोवरचे रूढ मत होते. कर्वे यांच्या मते प्रक्रिया बहुतांशी उलट आहे. मुळात वेगवेगळे असलेले गट समान व्यवसायामुळे किंवा समान दर्जामुळे एका नावाखाली एकत्र दिसू लागले. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील ब्राह्मण म्हणून ओळखले जाणारे हे गट अनेक लक्षणांत परस्परांहून भिन्न असल्याचे तीत दिसून आले आणि हा पुरावा वरील सिद्धान्ताच्या समर्थनार्थ मांडला गेला.

या अभ्यासाचे एक सामाजिक फलितही होते. 'ब्राह्मणी चेहरा' अशी काही वस्तू असते, या समजुतीला त्याने मोजमापांच्याच भाषेत उत्तर दिले. उच्चनीचतेच्या शिडीवर नाकांची मांडणी करण्याचा रिस्ले यांचा खटाटोप निरर्थक ठरला, कारण शिडीची एकेक पायरीच मुळी अनेक वेगळ्या गटांची बनलेली होती.

भिन्नता आणि भिन्न उगम

परंतु याच ठिकाणी कर्वे यांच्या युक्तिवादातील दुर्बल दुवाही समोर येतो. दोन गट आज भिन्न दिसतात, म्हणून ते मुळातही भिन्न होते, असे अनुमान त्यात गृहीत धरलेले आहे. हे अनुमान तर्कदृष्ट्या अनिवार्य नाही. एका मोठ्या समाजातून पाचपन्नास कुटुंबे बाहेर पडून त्यांनी आपसांतच विवाह करण्यास सुरुवात केली, अशी कल्पना केल्यास त्या मोजक्या कुटुंबांत जी लक्षणे योगायोगाने अधिक असतील ती पुढील पिढ्यांत पसरतील आणि जी थोडी असतील ती नाहीशीही होतील. लोकसंख्या जितकी लहान तितका हा योगायोगाचा परिणाम मोठा. जनुकशास्त्रात या प्रक्रियेला जनुकीय विचलन असे म्हटले जाते. म्हणजेच एकाच उगमाचे दोन गट केवळ अंतर्विवाहामुळेही परस्परांहून भिन्न होऊ शकतात. याच्या उलट, भिन्न उगमाचे दोन गट दीर्घकाळच्या संकरामुळे सारखे दिसू शकतात.

तात्पर्य, आठ गटांमधील शारीरिक भिन्नता विघटनाच्या सिद्धान्ताशीही जुळते आणि एकत्रीकरणाच्या सिद्धान्ताशीही. जो पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच अनुकूल असतो, त्याच्या आधारे त्यांच्यात निवाडा करता येत नाही. कर्वे यांचा सिद्धान्त चुकीचाच आहे, असे यावरून म्हणता येणार नाही. पण त्याचा भार शरीरमापनावर टाकता येत नाही, हे निश्चित. त्यांनी गोळा केलेला सांस्कृतिक पुरावा, म्हणजे चाकाचे तंत्र, कुळांची रचना, विवाहाच्या चालीरीती, बोलीतील फरक, हा त्या मानाने कितीतरी सबळ आहे. थोरचाके व लहानचाके यांच्या चाकांतील फरक हा शिकवणुकीतून आलेल्या परंपरेचा माग दाखवतो. त्यास नाकाच्या मापाची साक्ष लागत नाही.

दृश्य लक्षणांची स्वतंत्र कारणे

दुसरी मर्यादा मोजलेल्या लक्षणांच्या स्वरूपाशी निगडित आहे. मानवमिती जी लक्षणे मोजते, ती आनुवंशिक असली तरी केवळ वंशावळीची निदर्शक नसतात. फ्रान्झ बोआस यांनी १९०८ ते १९१० या काळात अमेरिकेत सुमारे अठरा हजार स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मोजमापे घेऊन, स्थिर मानला गेलेला शिरोनिर्देशांकही नव्या परिस्थितीत बदलतो असे प्रतिपादन केले. या आकडेवारीचे फेरविश्लेषण २००२ व २००३ मध्ये झाले. एका गटाने बदलाचे प्रमाण अल्प ठरवले, तर दुसऱ्या गटाने बोआस यांच्या मुख्य निष्कर्षाला पुष्टी दिली. बदल किती, हा वाद शिल्लक असला तरी उंची आणि वजन यांवर पोषणाचा परिणाम होतो, याविषयी दुमत नाही. दुष्काळी भागातील शेतमजूर आणि शहरातील नोकरदार यांच्या उंचीतील फरक वांशिक मानणे म्हणजे भाकरीच्या प्रश्नाला रक्ताचा प्रश्न बनवणे होय.

नाकाच्या रुंदीचा संबंध हवामानाशी असल्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीच सुचवले गेले होते. २०१७ मधील एका अभ्यासात नाकपुड्यांची रुंदी व हवेतील उष्णता-आर्द्रता यांचा परस्परसंबंध जनुकीय पद्धतीनेही पुढे आला. श्वासावाटे आत जाणारी हवा उबदार व ओलसर करणे हे नाकाचे एक कार्य असल्याने थंड व कोरड्या प्रदेशांत अरुंद नाक उपयुक्त ठरत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्वचेच्या वर्णाचेही तसेच आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांची तीव्रता आणि त्वचेतील रंगद्रव्य यांचा जगभर निकटचा संबंध आढळतो. २००५ मध्ये एसएलसी२४ए५ या जनुकातील एका लहानशा बदलाचा त्वचेच्या उजळपणाशी संबंध स्पष्ट झाला आणि हाच बदल दक्षिण आशियातही मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे २०१३ च्या अभ्यासाने दाखवले. जाती व प्रदेश यांनुसार त्याचे प्रमाण कमीअधिक असते. पण तो एकाच जातीची वा एकाच प्रदेशाची मक्तेदारी नाही.

चित्पावनांच्या घाऱ्या डोळ्यांवरून त्यांचे मूळ समुद्रापलीकडे शोधणाऱ्या कल्पना महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित आहेत. बुबुळांच्या रंगातील बराचसा फरक पंधराव्या गुणसूत्राच्या एका लहानशा भागाशी संबंधित आहे, हे २००८ पर्यंतच्या संशोधनातून स्पष्ट झाले. एवढ्या छोट्या भागावर अवलंबून असलेले लक्षण लहान अंतर्विवाही गटात सहज वाढू शकते. त्यावरून संपूर्ण समाजाचा प्रवास ठरवणे म्हणजे दाराच्या रंगावरून घराचा पाया ठरवण्यासारखे आहे. डोळ्यांत सहज भरणारी लक्षणे ही मानवी जनुकसंचयाचा अगदी थोडा अंश असतात. ती दिसतात म्हणूनच त्यांना अवाजवी महत्त्व मिळते.

जनुकशास्त्रीय संशोधनाच्या प्रकाशात

रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट व रक्तातील प्रथिने यांच्या आधारे असे दाखवले की, मानवी विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच आढळतो. तथाकथित वंशांमधील फरक अवघा ६ टक्क्यांच्या आसपास आहे. यावर ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये महत्त्वाचा आक्षेप घेतला. एकेका जनुकातील फरक अल्प असला तरी अनेक जनुकांचा एकत्रित विचार केल्यास व्यक्तीचा भौगोलिक समूह ओळखता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक मापांचा एकत्रित विचार करण्याचे हे तत्त्व भारतीय अभ्यासकांना अपरिचित नव्हते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतरमाप मानवमितीच्याच गरजेतून विकसित झाले होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. समूह ओळखता येणे ही एक गोष्ट आणि त्या ओळखीतून गुण, बुद्धी वा दर्जा ठरणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीकडे जाण्यास शास्त्रात मार्ग नाही.

भारतीय लोकसंख्येविषयी २००९ नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कर्वे यांच्या मांडणीची दुहेरी परीक्षा घेतली आहे. २०१३ च्या अभ्यासानुसार, आजच्या बहुतेक सर्व भारतीय समूहांत प्राचीन घटकांचे मिश्रण असून ते साधारणपणे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडले. त्यानंतर अंतर्विवाहाची बंधने घट्ट होत गेली. २०१६ च्या एका अभ्यासाने काही उच्च जातींमधील ही बंधने सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वीची असल्याचा अंदाज वर्तवला. घटकांचे प्रमाण समूहासमूहांत वेगळे असले तरी 'शुद्ध' असा कोणीच उरत नाही. जाती आरंभापासून अलिप्त राहिल्या नाहीत. आधी व्यापक संकर आणि नंतर अलिप्तता असा हा क्रम आहे. स्वतंत्र उगमाच्या चित्रात या क्रमामुळे महत्त्वाची दुरुस्ती करावी लागते.

मात्र त्याच संशोधनाने कर्वे यांच्या एककाची निवड योग्य ठरवली. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या अभ्यासात ८१ समूह असे आढळले की, मोजक्या पूर्वजांपासून वाढ आणि त्यानंतरचा अंतर्विवाह यांचा ठसा त्यांच्यावर फिनलंडमधील लोकांपेक्षाही अधिक तीव्र आहे. अशा समूहांत काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. सिकलसेल आजाराचे महाराष्ट्रातील आदिवासी समाजांतील प्रमाण आणि २०२३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय निर्मूलन अभियान यांचा विचार करता, आनुवंशिकतेचा प्रश्न आरोग्याशी किती निकट आहे हे ध्यानात येते. सिकलसेलचा मूळ संबंध हिवतापाच्या प्रादुर्भावाशी असला तरी तपासणी व समुपदेशन कोणत्या समूहांपर्यंत आधी पोहोचले पाहिजे, हे ठरवताना विवाहसंबंधांची माहिती उपयोगी पडते. ती चेहऱ्यावरून मिळत नाही.

समारोप

इरावती कर्वे यांच्या मानवमितीय कार्याचे मूल्यमापन करताना त्याचे दोन भाग वेगळे ठेवणे आवश्यक आहे. वर्णासारख्या व्यापक कोटी बाजूला सारून विवाहसंबंधांनी बांधलेली जात हेच अभ्यासाचे एकक मानण्याचा त्यांचा आग्रह काळाच्या कसोटीवर उतरला आहे. याउलट, शरीराच्या दृश्य लक्षणांतील फरक हा भिन्न उगमाचा पुरावा होय, हे त्यांचे गृहीतक आज स्वीकारता येत नाही. हवामान, पोषण, योगायोग आणि संकर या चारही कारणांनी तोच फरक निर्माण होऊ शकतो.

बर्लिनमध्ये कर्वे यांनी मोजमाप केले आणि ते गृहीतकाशी जुळत नाही असे दिसताच तसे नमूद केले. त्यांच्या स्वतःच्या मांडणीलाही हाच न्याय लावणे हे त्यांच्या परंपरेला धरूनच होईल. महाविद्यालयीन अध्यापनात वंशांची यादी पाठ करून घेण्याऐवजी ती यादी कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणत्या एककाच्या आधारे तयार केली, हे शिकवले गेल्यास विद्यार्थ्यांना रूपवैविध्याकडे अधिक जाणतेपणाने पाहता येईल. मराठी समाजातील रूपांची विविधता ही वस्तुस्थिती आहे; तिच्यावरून उतरंड रचणे हा मात्र समाजाने केलेला व्यवहार आहे आणि त्याची जबाबदारी निसर्गावर टाकता येत नाही.